पडलेली कळी कुंडीतच टाका

जास्वंदीच्या कळ्या गळतात म्हणून पावसाळ्यात मला आठवड्याला एक तरी फोन येतो. मी काही शेतकी पदवीधर नाही. पंधरा-सोळा वर्षं गॅलरीत आणि गच्चीवर झाडं लावतोय, आणि ओळखीपाळखीत ‘झाडांचं त्याला विचारा’ असं नाव झालंय, एवढंच. बहुतेक फोन पाच मिनिटांत मिटतात. बशीत पाणी साचलेलं असतं, ऊन कमी पडत असतं, नाहीतर कोणीतरी हौसेने युरिया घातलेला असतो. हे प्रकरण मात्र जुलै २०२४ मध्ये सुरू झालं आणि मिटेपर्यंत दिवाळी आली. त्यात झाडाचं काही चुकलं नव्हतं, झाड ज्यांचं त्या ओळखीच्या काकूंचंही नाही. त्या माझ्या सल्ल्याप्रमाणे वागत होत्या, तोच घोटाळा होता.

काकूंचं घर पुण्यात सिंहगड रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी पूर्वेची, सकाळी साडेसातपासून साडेअकरा-बारापर्यंत सरळ ऊन. तिथे दोन जास्वंदी शेजारी शेजारी आहेत. एक देशी लाल, पाच पाकळ्यांची. वाईला माहेरच्या परसातून काडी आणून तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावलेली, वय निदान दहा वर्षं. दुसरी फेब्रुवारीत नर्सरीतून आणलेली डबल. रंग लोण्यासारखा पिवळा, मध्यभागी किंचित गुलाबी झाक, पाकळ्या इतक्या भरगच्च की फूल मान टाकतं. नर्सरीतली पिशवी कापून लाल चिकणमातीचा तो दगडासारखा गोळा मीच फोडला होता, आणि निम्मी माती, निम्मं शेणखत-पालापाचोळा असं मिश्रण भरून ती चौदा इंची कुंडीत लावून दिली होती. एप्रिल-मेमध्ये तिने भरपूर फुलं दिली. काकूंनी ती मुळात घेतली होती गणपतीसाठी. लाल जास्वंद सगळ्यांच्याच मखरात असते, यंदा आपल्याकडे पिवळीही असेल, असं त्या शेजारीपाजारी सांगून बसल्या होत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कळ्या गळायला लागल्या. शेंगदाण्याएवढी झाली की कळी देठाकडून पिवळी पडायची आणि सकाळी गॅलरीत फरशीवर सापडायची. काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या, नोंद ठेवायची सवय हाडात मुरलेली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या पिशव्यांचा हिशोब असतो, त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात ‘क ३’, ‘क ५’ असं लिहायला लागल्या. क म्हणजे कळ्या. जुलैअखेर त्यांनी ते पान मला दाखवलं. बेरीज साठाच्या वर जात होती.

मी आधी पाण्याला दोष दिला. त्यात गैर काही नव्हतं, निदान त्या आठवड्यात तरी. २५ जुलैला पहाटे खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा अख्ख्या सिंहगड रस्त्यावर पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. काकूंची सोसायटी उंचावर असल्याने तिथे काही झालं नाही, पण कुंड्या दहा दिवस चिंब होत्या. मुळांना हवा मिळाली नाही की जास्वंद पहिल्यांदा कळ्या टाकते, हे खरंच आहे. मी बशी काढली, स्क्रूड्रायव्हरने कुंडीची भोकं मोकळी केली, कुंडी दोन विटांवर चढवली. तेव्हा एक गोष्ट नजरेला पडायला हवी होती. मुळं गुदमरली असती तर पानंही पिवळी पडली असती, आणि पानं तर हिरवीगार, तुकतुकीत होती. मला दिसलं ते, पण मनावर घेतलं नाही. पाणी हे उत्तर हाताशी होतं, आणि हाताशी आलेलं उत्तर माणूस सहसा सोडत नाही.

आठवड्याने ‘क’ तेवढेच. मग पोटॅश. ०:०:५० हे खत लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. मधल्या काळात काकांनी केळ्याच्या सालीचं पाणी स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केलं, त्याने गॅलरीत चिलटं झाली, बाकी काही नाही.

तिसऱ्या खेपेला मला खात्रीच वाटली. एका शेंड्याला, पानाच्या बेचक्यात, पिठ्या ढेकूण सापडला. कापसासारखे तीन-चार ठिपके आणि त्यावर मुंग्यांची ये-जा. जास्वंद आणि पिठ्या ढेकूण ही जोडी इतकी ठरलेली आहे की तो दिसल्यावर पुढे शोधायचं कोणी कष्ट घेत नाही. मीही घेतले नाहीत. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने ते ठिपके पुसले, तिथेच थांबायला हवं होतं. पण गणपती तीन आठवड्यांवर आलेले, काकूंचा चेहरा उतरलेला, म्हणून घरी पडून असलेलं इमिडाक्लोप्रिड एकदा फवारलं. झाडाच्या रसात भिनणारं औषध, फुलातल्या मधापर्यंत पोचतं, मधमाश्यांना घातक. शेजारच्या लाल जास्वंदीवर रोज सकाळी सूर्यपक्ष्यांची जोडी येते, तिच्यावरही तुषार उडालेच असणार. काकूंनी त्यानंतर गणपतीपर्यंत लाल फूलही देवाला वाहिलं नाही. ‘औषध मारलेलं फूल देवाला कसं चालेल रे?’ एवढंच म्हणाल्या. मला ते लागलं. आणि कळ्या गळायच्या त्या गळतच राहिल्या.

या सगळ्या काळात एक गोष्ट रोज न चुकता चालू होती. फेब्रुवारीत झाड लावताना मी काकूंना माझा लाडका मंत्र दिला होता. झाडाचं झाडाला. गळलेलं पान, फूल, कळी, काहीही केराच्या डब्यात टाकायचं नाही, कुंडीतच टाकायचं, त्याचं खत होतं. सुक्या पानांवर बाग करणाऱ्यांचा पुण्यात मोठा गोतावळा आहे, मी त्यातलाच. काकूंनी मंत्र शब्दशः पाळला. रोज सकाळी फरशीवरच्या कळ्या मोजायच्या, कालनिर्णयवर आकडा टाकायचा, आणि कळ्या कुंडीत पालापाचोळ्याखाली बोटाने नीट सरकवून ठेवायच्या. वाळू नयेत म्हणून वर थोडं पाणीही शिंपडायच्या.

गोकुळाष्टमीच्या आधीच्या शनिवारी, म्हणजे २४ ऑगस्टला, मी गॅलरीत नुसता उभा होतो. त्यांच्याकडे केर-फरशी करणाऱ्या ताई झाडू मारत होत्या. त्या सहज म्हणाल्या, ‘दादा, या लालवालीखाली मला कधी झाडावं लागत नाही. सगळा केर त्या पिवळीचाच.’

मी दोन्ही झाडांकडे पाहिलं. एकच गॅलरी, एकच ऊन, एकच पाऊस, एकाच बादलीतलं पाणी. लाल जास्वंद तर डब्यात होती, डब्याला भोकं कमी, माती जुनी. पाण्याने किंवा खताच्या कमतरतेने कळ्या गळायच्या तर आधी तिच्या गळायला हव्या होत्या. दीड महिना मी पिवळीचाच विचार करत होतो, तिच्या शेजारणीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

झाडावरचीच एक कळी तोडली, देठाकडे नुकतीच पिवळसर झालेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या ताटलीत ठेवून नखाने हिरवी वेष्टणं सोलली आणि सुईने कळी उभी फाडली. आतल्या कोवळ्या पाकळ्या एकमेकींना चिकटून बुळबुळीत, तपकिरी झाल्या होत्या. आणि त्यांच्या घड्यांमध्ये दुधी रंगाच्या अळ्या. भिजलेल्या रव्याचा कण लांबट केला तर जेवढा दिसेल तेवढ्या, फार तर दोन मिलिमीटर. वीस तरी असतील. काकू चष्मा लावून वाकून बघत होत्या. तेवढ्यात एक अळी ताटलीवर आली, तिने अंग वाकवून डोकं शेपटीला टेकवलं आणि टिचकी मारल्यासारखी उडून थेट ओट्यावर पडली. मागोमाग दुसरी. ‘अगं बाई!’ म्हणून काकू दोन पावलं मागे सरल्या, आणि मग लगेच पुढे येऊन म्हणाल्या, ‘आणखी एक फाड बघू.’

आम्ही सहा कळ्या फाडल्या. पाचांत अळ्या होत्या. लाल जास्वंदीच्या दोन कळ्या फाडल्या, त्या आतून स्वच्छ, कोरड्या, लाल.

उडी मारणारी ही बिनपायाची अळी मिजमाशीची. मिजमाशी हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. ज्वारीच्या कणसात दाणा भरू देत नाही ती मिजमाशी, आंब्याचा मोहोर आणि कोवळी पालवी खराब करते तीही मिजमाशी. डासाहून बारीक, नाजूक माश्यांचं हे एक मोठं कुळ आहे. जास्वंदीच्या कळ्यांत शिरणारी जी जात जगभर बदनाम आहे तिचं शास्त्रीय नाव कॉन्टॅरिनिया मॅक्युलिपेनिस. तमिळनाडूत मोगऱ्याच्या मळ्यांत तीच त्रास देते, तिथे कळ्या जांभळट पडून गळतात. ऑर्किडच्या कळ्याही तिला चालतात. जातीचा शिक्का सूक्ष्मदर्शकाखाली मारायचा असतो, तो मी मारणार नाही, पण आमच्या गॅलरीतल्या अळीचं वागणं तंतोतंत हेच होतं.

मादी कळीच्या टोकाशी अंडी घालते. दिवसभरात अळी बाहेर येते आणि कळीच्या आत सरकते. पाच ते सात दिवस ती आतल्या आत पाकळ्यांवर जगते. कळी पिवळी पडून गळते, आणि मग अळीला हवी असते ओलसर माती. मातीत वरच्या थरातच ती कोष करते, दोन ते तीन आठवडे तिथे राहते, माशी होऊन बाहेर पडते आणि चारेक दिवसांत पुढची अंडी घालून मरते. पूर्ण फेरा तीन ते चार आठवड्यांचा.

मिजमाशीची ही माहिती वाचताना मला काकूंचं बोट आठवत होतं, कळ्या पालापाचोळ्याखाली सरकवणारं. अळीला कळीतून मातीपर्यंत जो काही प्रवास करायचा असतो तो आम्ही हाताने करून देत होतो, वर पाणी शिंपडून. गळलेल्या कळ्या फरशीवरच राहिल्या असत्या तरी निम्म्या अळ्या उन्हाने वाळून मेल्या असत्या.

औषधं का चालली नाहीत तेही मग उघड झालं. अळी बंद कळीच्या आत, कोष मातीत, माशी चार दिवसांची पाहुणी. फवारा जिथे पडतो तिथे यातलं कोणीच फारसं नसतं. निंबोळी तेल बाहेरून चोपडलं तरी आत जात नाही. आणि लाल जास्वंद का वाचली? पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्या डबल जाती या माशीला जास्त बळी पडतात, हे जास्वंद वाढवणाऱ्यांच्या अनुभवातलं आहे. आमच्या गॅलरीत त्याचा नमुनाच शेजारी शेजारी ठेवलेला होता.

त्या संध्याकाळी मी रत्नागिरीला मामाला फोन लावला. त्याची हापूसची कलमं आहेत. मिजमाशी म्हटल्यावर त्याने माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ‘औषधाच्या मागे काय लागलास? झाडाखाली काळं प्लास्टिक अंथर. अळी खाली पडते ती मातीत उतरायला. तिला माती मिळू द्यायची नाही, बस.’ मोहोरावरची मिजमाशी वेगळ्या जातीची, पण खोड तीच.

आता खरी अडचण होती. फेरा तोडायचा तर अळीला खायला कळीच मिळता कामा नये. म्हणजे झाडावरची मिरीदाण्याहून मोठी प्रत्येक कळी खुडायची, आणि पुढचे चार आठवडे येईल ती खुडत राहायचं. तारीख २४ ऑगस्ट. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘बाप्पाच्या तोंडावर त्याच्याच कळ्या खुडायच्या? तुला खुडायच्या तर खुड. माझ्या हातून नाही होणार.’ आणि आत निघून गेल्या.

मी खुडल्या. त्रेचाळीस. त्यातल्या किमान पंधरा-वीस धडधाकट असाव्यात, आणि त्यातली एखादी चतुर्थीला फुललीही असती. आजही मला वाटतं की थोडा धीर धरून फक्त पिवळसर कळ्या रोजच्या रोज काढल्या असत्या तर गणपतीला दोन-तीन फुलं मिळाली असती आणि फेरा महिनाभर उशिरा तुटला असता. कोणी असा प्रश्न विचारला तर मी आता दोन्ही वाटा सांगतो आणि निवड त्यांच्यावर सोडतो. त्या दिवशी मात्र मी चिडलेलो होतो, बहुधा स्वतःवरच, आणि झाडावर एक कळी ठेवली नाही.

कळ्या दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरल्या, गाठ मारली, पिशवी ग्रिलला टांगली. तिसऱ्या दिवशी पिशवीच्या आतून बारीक दाणे चिकटल्यासारख्या अळ्या दिसत होत्या, माती शोधत बाहेर आलेल्या आणि तिथेच अडकलेल्या. काकूंनी ती पिशवी खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना दाखवली. खुडण्यावरचा राग मला वाटतं तिथेच थोडा निवळला.

कुंडीतला पालापाचोळा आणि वरची दोन इंच माती खुरपीने काढून काळ्या पिशवीत बांधून ठेवली. ऊन मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी अडत नाही. पिशवी चार-पाच आठवडे उघडली नाही म्हणजे झालं, कारण आत निघालेली माशी आतच मरते. कोरडी नवी माती भरली. काळ्या जाड प्लास्टिकचा गोल कापला, त्याला खोडापर्यंत एक चीर दिली, कुंडीवर बसवून चीर चिकटपट्टीने बंद केली. पाण्यासाठी कडेला एक पाइपचा तुकडा खोचला. पहिल्याच पावसात प्लास्टिकवर तळं साचलं आणि समोरच्या आजोबांनी डेंग्यूची आठवण करून दिली, मग खाली नारळाच्या शेंडीचा बोळा घालून त्याला उतार दिला. पिवळ्या चिकट कार्डावर या माश्या सापडतात असं कोणीतरी सांगितलं म्हणून तेही टांगलं, त्यावर केळ्याच्या सालीवाली चिलटंच चिकटली.

चतुर्थीला लाल जास्वंदीची पाच फुलं होती. औषध मारून तीन आठवडे होत आले होते, तरी काकूंनी मला फोन करून विचारलं, ‘आता वाहू ना?’ मी हो म्हणालो. पिवळ्या जास्वंदीबद्दल विचारायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी अळीची गोष्ट सांगितली, उडीसकट.

२२ सप्टेंबरपर्यंत त्या रोज कळ्या खुडत होत्या. हो, त्याच. दोन दिवस मी गावाला गेलो होतो तेव्हा त्यांनी सुरू केलं, आणि मग काम माझ्याकडे परत आलंच नाही. त्यानंतर कळ्या राहू दिल्या. पहिल्या बारा कळ्यांतल्या पाच गळल्या. फाडून पाहिल्या तर दोनांत अळ्या, तीन नुसत्याच गळलेल्या, जशा कुठल्याही जास्वंदीच्या चार-दोन गळतातच. म्हणजे माशी आमच्या मातीतून संपली होती, पण बाहेरून येत होती. कठड्यावरून वाकून पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत गुलाबी डबल जास्वंद, आणि तिच्या कुंडीभोवती पिवळ्या कळ्यांचा सडा.

आमच्या बाजूने एवढंच करता येण्यासारखं होतं की पिवळसर दिसलेली कळी त्याच दिवशी काढून पिशवीत बांधायची. ऑक्टोबरभर ते चाललं. ‘क’चे आकडे उतरत जाऊन आठवड्याला एक-दोनवर आले. वसुबारसेला पहिलं फूल उमललं, हाताच्या पंजाएवढं. जास्वंदीचं फूल दिवसाचंच पाहुणं. काकूंनी ते संध्याकाळपर्यंत झाडावरच ठेवलं, देवालाही वाहिलं नाही.

तेव्हापासून कोणी कळ्यांचा फोन केला की मी पाणी, ऊन, खत काहीही विचारण्याआधी सांगतो की पिवळसर झालेली एक कळी उभी फाडून फोटो पाठवा. दहातल्या आठ फोटोंत काहीच नसतं, आणि मग बशीपासून सुरुवात करायला मी मोकळा. झाडाचं झाडाला हा मंत्र मी सोडलेला नाही. पान जाऊ दे, सुकलेलं फूल जाऊ दे. न उमलता पडलेली कळी मात्र मी आता कुंडीत टाकायला सांगत नाही.

पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, कालनिर्णयच्या नव्या पानावर ‘क २’ दिसल्याबरोबर काकूंनी मला न विचारता प्लास्टिक बसवलं. शिवाय त्याच मापाचा एक गोल कापून, चीर देऊन, सोबत चिकटपट्टीचा तुकडा लावून खालच्या मजल्यावर पाठवला. मी गेलो की त्या मला कठड्यापाशी घेऊन जातात आणि खाली बघायला लावतात. तो गोल अजून त्यांच्या वॉशिंग मशीनवर ठेवलेला आहे, त्यावर साबणाचा डबा.